ओढत नेलेले मैल

"ग्वेन, जरा इकडे ये," लाल गाडीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, लाइलने हाक मारली.

मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या बसएवढ्या चाकांवरच्या घराच्या मागे गाडी जोडून झाली होती. दांडा अडकवला होता, साखळ्या लावल्या होत्या. आता लाइलने गिअर न्यूट्रलला टाकून उतरायचं, पुढे मोटरहोममध्ये बसून एकेक दिवा लावायचा आणि ग्वेनने मागे उभं राहून "डावा, उजवा, ब्रेक" असं ओरडायचं. अकरा वर्षांचा शिरस्ता होता. पण लाइल उतरला नाही. मीटरकडे बघत बसून राहिला.

"पाच हजार मैल झालेत. ऑक्टोबरात कोरी करकरीत घेतली होती ही."

"मग?"

"मग काय? चालवतेस तूच."

ते खरं होतं. लाइल मोटरहोम हाकायचा आणि लाल गाडी ग्वेनची. तळ पडला की ती वाणसामान, लॉन्ड्री, वाचनालय उरकून यायची. आयोवाहून ॲरिझोनाला येताना, नाताळात टेक्सासच्या किनाऱ्यावर जाऊन परतताना, जानेवारीत कॅलिफोर्नियाला जाऊन पुन्हा ॲरिझोनाच्या याच तळावर येताना, गाडी आपली मागून ओढली जात होती. आणि ओढत नेलेले मैल मीटरवर चढत नाहीत, हे तर लाइल प्रत्येक तळावर भेटेल त्या नवख्याला कौतुकाने ऐकवायचा. आधीच्या निळ्या गाडीचा आकडा कधी ओढताना हलला नव्हता, हे ग्वेनने स्वतः पाहिलं होतं.

तिने स्वतः चालवलेले मैल बोटांवर मोजले. कितीही ताणलं तरी पाचशे मैलांच्या वर जाईना.

त्या दिवशी ते निघालेच नाहीत.

लाइल चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. तो रोज सकाळी तिच्या हातात कॉफीचा मग द्यायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, काही आठवलं का. चौथ्या दिवशी तो तिच्या शेजारी बसला.

"हे बघ, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तू कुठेतरी जातेस आणि लपवतेस. नाहीतर जातेस आणि विसरतेस. विसरत असशील तर डॉक्टरकडे जाऊ. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

ग्वेनची आई एकदा दूध आणायला गाडी घेऊन गेली आणि दोनशे मैलांवर एका पेट्रोल पंपावर सापडली. पुढची सहा वर्षं तिने वृद्धाश्रमाच्या कुलूपबंद दालनात काढली, पोटच्या मुलीला 'नर्स' म्हणत. त्या दालनाचा वास ग्वेनच्या नाकातून अजून गेला नव्हता.

दुपारी ती एकटीच गाडीत जाऊन बसली. मंगळवारी आपण वाचनालयात गेलो ते आठवत होतं. पण तो हा मंगळवार की मागचा? परत येताना वळण कुठे घेतलं? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही. तासाभरात स्वतःच्या डोक्यावरचा तिचा विश्वास पार उडाला.

संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तिने सांगून टाकलं.

"एक माणूस आहे. त्याला भेटायला जात होते मी."

असा कुणी माणूस नव्हता. पण वेडी ठरण्यापेक्षा बदफैली ठरलेलं बरं, बदफैली बाईला निदान कुणी कोंडून ठेवत नाही. अडुसष्टाव्या वर्षी तिने हा सौदा केला.

लाइलने त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही. ग्वेनला तो त्याचा मोठेपणा वाटला आणि ती आणखीच रडली.

घर विकून त्यांनी मोटरहोम घेतलं होतं, म्हणजे घर म्हणून जे काही होतं ते तेवढंच. ते लाइलकडे गेलं. वेगळं व्हायच्या कागदांवर ग्वेनने न वाचताच सह्या केल्या. चूक आपली, तर अटी कसल्या घालायच्या? तिच्या वाट्याला लाल गाडी आली. तळावरच्या पत्त्यांच्या डावाला तिला कुणी बोलावेना. समोरच्या जागेतली विधवा डार्लीन रोज लाइलसाठी चीज घातलेली मॅकरोनी भाजून नेऊ लागली, बिचाऱ्याला करून घालणारं कुणी नको का, असं सगळ्यांना सांगत. एप्रिलमध्ये लाइल निघाला, तेव्हा मोटरहोमच्या मागे डार्लीनची पांढरी गाडी जोडलेली होती. चला, त्याचं बघणारं कुणीतरी आहे, असं ग्वेनला वाटलं. इतकी ती खचली होती.

तिने बहिणीकडे आयोवाला जायचं ठरवलं. लांबचा पल्ला म्हणून ऑइल बदलायला गावातल्या गॅरेजमध्ये गाडी नेली. मेकॅनिक ऑर्टिझ हात पुसत गाडीखालून बाहेर आला.

"मॅडम, उगाच पैसे घालवताय. ऑइल अगदी स्वच्छ आहे. इंजिन फारसं चाललेलंच नाही."

"पाच हजार मैल झालेत."

"ते चाकांचे. ही गाडी मोटरहोममागे ओढली ना तुम्ही? या मॉडेलचं मीटर ओढतानाही पळतं."

ग्वेनने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती तिथल्याच एका टायरवर बसली आणि हसू लागली, हसता हसता रडू लागली. डोकं ठिकाणावर होतं. तो मंगळवार त्याच आठवड्यातला होता, वळणही बरोबर घेतलं होतं. आईचं दालन आईबरोबरच संपलं होतं.

आणि मग तिला लाइलची दया आली. बिचारा. एका यंत्राने दोघांनाही फसवलं आणि वर आपण खोटं बोलून त्याचं काळीज फाडलं. अजून वेळ गेली नव्हती. सगळं सांगता येईल, तो परत येईल, डार्लीनचं काय ते डार्लीन बघेल. तिने पर्समधून फोन काढला.

"एक काम कराल? माझ्या नवऱ्याला हे तुम्हीच सांगा. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास बसायचा नाही."

ऑर्टिझने गाडीची आयोवाची नंबरप्लेट पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"त्यांना मी काय सांगणार, मॅडम? नोव्हेंबरात हीच गाडी घेऊन मागच्या दिव्यांची वायर बदलायला आले होते, तेव्हा मीटरचं हे मला त्यांनीच शिकवलं."