स्वस्त ठेवी

घाटातली ही शाखा बंद करायचं हेड ऑफिसात जवळपास ठरलं होतं. शेवटच्या पाहणीला आलेले तांबवेकर साहेब मात्र आकडे बघून चक्रावले. बचत खात्यांत पैसे येत होते आणि ते कोणीच काढत नव्हतं. बँकेचा नफा अशाच कमी व्याजाच्या पैशावर उभा असतो.

“एवढ्या स्वस्त ठेवी आम्हाला शहरातही मिळत नाहीत. कसं जमवलंत, बाई?”

“मी काय जमवणार? ही मंडळी आपणहून येतात. यांचं उठणं-बसणं इथेच,” मॅनेजर खानविलकर बाई रांगेकडे बघत म्हणाल्या.

रांगेत सगळी म्हातारी माणसं होती. कोणी बोलत नव्हतं, खोकतही नव्हतं. पुढच्या आजोबांच्या चष्म्याची काडी लाल दोऱ्याने बांधलेली होती. साहेबांनी तो चष्मा ओळखला. काल ते ज्या घरी उतरले होते, तिथल्या हार घातलेल्या फोटोत तोच होता.

साहेब बाईंकडे वळले. “यांच्यातलं कोणीच कधी पैसे काढणार नाही?”

“काढून खर्च कुठे करणार, साहेब?”

साहेबांनी आकडे पुन्हा एकदा पाहिले आणि ‘शाखा चालू ठेवावी’ असा शेरा मारला.