पाहुणी मबरूका

कतारच्या दोह्यात गुलामांना मोकळं केल्याचं फर्मान निघालं, आणि मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे जन्मभर उभ्यानं कॉफी ओतणारी मबरूका शेजारच्या दापोलीकर रुकैयाकडे पहिल्यांदा पाहुणी म्हणून बसली. अरबांची रीत अशी, की पाहुण्यानं फिंजान, म्हणजे तो इवलासा कप, हलवला की पुरे; तोवर यजमानानं ओतत राहायचं. रुकैया हौसेनं ओतत होती, तोच भिंतीपलीकडून जुन्या मालकिणीची हाक आली, “मबरूका, पाहुणे आलेत! यल्ला, चल लवकर, कॉफी!” मबरूका सवयीनं अर्धी उठलीच. रुकैयानं ओतता हात थांबवला. “जातेस की काय गो?” मबरूकेनं भिंतीकडे बघितलं, हातातल्या फिंजानाकडे बघितलं, आणि पुन्हा ऐसपैस मांडी घातली. “मी पाहुणी गेलेय म्हणावं,” तिनं फिंजान पुढे केला, “ओत!” “अगो, रात्रीची झोप उडेल ना!” “उडू दे की,” मबरूका खिदळली, “उद्या पहाटे मला उठवणार कोण?”