तिसऱ्या हाकेला ओ

“आता ते बंद करूया गो बाय,” आत्मारामकाका म्हणाले आणि कोकम सरबताचा पेला त्यांनी अक्षयापुढे सरकवला. त्यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. मुलगी त्यांना चिपळूणला नेणार होती. त्याआधी आंब्याच्या पेट्या ठेवायचा मागचा मांगर मोकळा करायचा होता.

अक्षया पुण्याहून म्हणूनच आली होती. बंद करायला नव्हे. काकांच्या मुलाचा, सर्वेशचा प्रोग्राम उचलून न्यायला. त्याचं तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्या दोघांनी याच मांगरात, पेंढ्याच्या वासात, भंगारातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. प्रत्येकाला गावाचं नाव. मालगुंड, देवरूख, अंजनवेल. सगळ्यांवर मिळून एकच ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा मुद्दाम एवढासा ठेवलेला; त्याने फक्त इकडचा निरोप तिकडे पोचवायचा. बाकीची कामं सुट्या, छोट्या प्रोग्रामांना वाटून दिलेली. एक मेला तरी दुसऱ्याचं अडत नसे. राखणदार नावाचा प्रोग्राम सगळ्यांना हाका मारी. ज्याचा ओ येईना, त्याला दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करी.

ओ द्यायचा तो तिसऱ्या हाकेला. तिन्हीसांजेला भूत एकदाच हाक मारतं, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं सर्वेशची आजी कमळा सांगायची. भुताला घाबरणारी जगातली पहिली सिस्टिम, असं अक्षया त्याला चिडवायची.

“हसू नकोस,” तो म्हणायचा. “आजी कधी हँग झालेली बघितलीयस?”

मग सर्वेश अपघातात गेला. यंत्रं चालू राहिली. रोज संध्याकाळी ती पुण्याहून तीन हाका पाठवी आणि त्याच्या प्रोग्रामचा ओ येई. कधी लगेच, कधी बराच उशिरा. जुन्या वायरी, ती स्वतःला सांगे. गेल्या वर्षी गणपतीनंतर काही दिवस ओ आलाच नाही, तेव्हा तिला जेवण जात नव्हतं. मग एका संध्याकाळी तो पुन्हा आला. राखणदार जागा आहे, ती म्हणाली होती.

“खारी हवा. यंत्रं टिकत नाहीत गो,” काका म्हणाले.

“एखादं गेलं तरी चालतं, काका. सिस्टिम बांधलीच आहे तशी. तिला कोणाची गरज लागत नाही.”

काका भलतंच सांगू लागले. भाचीच्या लग्नाला देवरूखला गेले नाहीत म्हणून बहीण अजून बोलत नव्हती. संध्याकाळी घर सोडवत नाही त्यांना. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेवढेच काय ते दिवस दवाखान्यात राहिले.

ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं. ओट्याच्या पायरीवर अक्षयाने लॅपटॉप उघडला. नेण्याआधी एकदा, इथे बसून.

“कोंबड्या झाकून येतो,” म्हणत काका उठले.

हाक एक.

याच पायरीवर बसून सर्वेश फणसाचे तळलेले गरे खायचा आणि त्याच बोटांनी टाईप करायचा. तेलकट बटणं पुसायचं काम तिच्याकडे.

हाक दोन.

काका अजून आले नव्हते. उतरणीचे दगड शेवाळलेले, त्यात त्यांचे डोळे असे. लॅपटॉप हातावर तसाच धरून ती मागच्या अंगणात गेली. कोंबड्या झाकायचं डालगं फुटून पालथं पडलं होतं. कोंबडी एकही नव्हती.

मांगराचं दार उघडं होतं. मालगुंड, देवरूख, अंजनवेल. एकाचाही दिवा लागलेला नव्हता. त्यांच्या फटींत कुंभारमाश्यांनी केलेली मातीची घरंसुद्धा जुनी होऊन तडकली होती. कोपऱ्यात एवढा एकच पडदा उजळलेला, आणि त्याला जवळजवळ नाक लावून काका बसले होते.

तिचं बोट आपोआप खाली गेलं.

हाक तीन.

काकांनी चाचपत एक बटण शोधलं, दाबलं, आणि अक्षयाच्या हातातल्या पडद्यावर सर्वेशचा ओ उमटला.