पँटच्या दुमडीतलं शेवाळ

पावडरच्या रिकाम्या डबीतला ओला कापूस उलगडून तिनं हिरवी गुंतवळ टेबलावर ठेवली.

"ह्यांच्या पँटच्या दुमडीत सापडलं. कुठल्या पाण्यातलं, सांगशील?"

नवऱ्याची मदतनीस सूक्ष्मदर्शकासमोरून उठली. "वहिनी, तुम्ही? बसा ना."

ती बसली, पण डोळे पोरीवरच. गेले सहा महिने घरात उठता-बसता हिचंच कौतुक. हिची नजर तीक्ष्ण, हिचं अक्षर सुंदर, हिच्या नोंदी तर बघत राहाव्यात अशा. ऐकून ऐकून तिचा जळफळाट झाला होता. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, म्हणूनच ती प्रयोगशाळेत आली होती.

"नमुने आणायला तूही जातेस ना ह्यांच्याबरोबर?"

"छे हो! पाण्यात पाय घातला की आठवडाभर शिंका. नमुने बाटल्यांतून येतात, मी आपली इथेच." आणि पोरीला खरोखरच शिंक आली.

नाक लाल, केस विस्कटलेले, अंगात ढगळ डगला. हिच्यावर आपण जळत होतो? तिला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

पोरगी चिमट्यानं तंतू काचेवर पसरता पसरता बोलत होती. "लोक उगाच नाकं मुरडतात शेवाळाला. अख्खी नदी त्याच्या जिवावर असते. ते दगडाला घट्ट धरून राहतं, त्यात किडे लपतात, किड्यांवर मासे पोसतात. वाहत्या पाण्यातलं हाताला खरखरीत लागतं, त्याला फांद्या असतात." ती भिंगावर वाकली. "हे मात्र नदीतलं नाही."

"म्हणजे?"

"बिनफांदीचं, बुळबुळीत, आत हिरवी वळणं. हे साचलेल्या पाण्यात वाढतं. एखाद्या अंगणातल्या हौदात वगैरे. तुमच्याकडे आहे का हौद?"

"चौथ्या मजल्यावर कुठला आलाय हौद?"

पोरीनं मान वर केली. "कधी सापडलं हे?"

"काल संध्याकाळी. दर मंगळवारी दिवसभर नदीवर असतात ना ते, तिथून आल्यावर."

चिमटा टेबलावर पडला. पोरीचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"मला तर तो म्हणाला होता," ती म्हणाली, "मंगळवार तेवढा बायकोचा."