चांगुणेचा बोळ

भिंगारला लष्करी डेपोत नोकरी लागली, तेव्हा गोरक्षनं बायकोच्या माहेरच्याच बोळात खोली घेतली. "तिथं नको," एवढंच चांगुणा म्हणाली, कारण सांगेना. लहानपणी आई गेल्यावर मामानं तिला केडगावला नेलं होतं, त्यानंतर तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं.

सामान घेऊन निघाले तेव्हा टांगेवाला म्हणाला, "व्हय, चांगुणेचा बोळ ना?" गोरक्ष चमकला. बोळाला बाईचं नाव, आणि तेही त्याच्या बायकोचं! ती बाहेर पडली की ओट्यावरचे म्हातारे बाप्ये उठून उभे राहायचे, आणि ती मान खाली घालून झपाझप पुढं जायची. गोरक्षच्या डोक्यात किडा वळवळू लागला. महिनाभर तो तिच्याशी धड बोलला नाही.

शेवटी त्यानं शेजारच्या नूरमहंमद चाचांना गाठलं. "ह्या बोळाला माझ्या बायकोचं नाव कसं?"

"तुमाला ठाव न्हाई?" चाचा चकित झाले. "पटकीच्या साथीत सगळा बोळ आडवा झाला हुता. धा वर्सांची पोर एकटी घागर घेऊन घरोघर पानी पाजत फिरली. आमी जित्ते हाय ते तिच्यामुळं."

गोरक्ष शरमून घरी आला. "एवढं केलंस, मला कधी सांगितलं का नाहीस?"

चांगुणा चुलीपुढून उठली नाही.

"समद्यांना पाजून घरी आले," ती म्हणाली, "तवर आई पानी पानी करत गेली हुती."