न ओळखणारी खोली

गावोगावी शाखा असलेल्या एका बड्या कंपनीचं हॉटेल आंबोलीत समोरच उघडलं, तेव्हापासून वृंदा धुरींच्या लॉजकडे कुणी फिरकत नव्हतं. त्या हॉटेलातल्या खोल्या पाहुण्याच्या फोनमधल्या आठवणी वाचून हुबेहूब त्याच्या घरासारख्या होत. परमुलखात घरची झोप मिळत असताना वृंदाताईंच्या साध्या चार भिंतींत कोण राहणार? शेवटी लॉज त्याच कंपनीला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्या दुपारी समोरच्या हॉटेलातून एक वयस्क गृहस्थ बॅग घेऊन आले. खांबेटे त्यांचं नाव.

"तुमच्या खोल्या माणसाला ओळखतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," वृंदाताई ओशाळून म्हणाल्या.

"मग एक द्या."

खोलीत जाऊन ते पलंगावर टेकले. "तिकडे दार उघडलं, तर आमचीच खोली. तोच पडदा, तीच खिडकी. आणि आतून हिचा आवाज, 'आलात का?' माझ्या तोंडून 'आलो' निघून गेलं. तिला जाऊन सात महिने झालेत."

वृंदाताईंनी खाली येऊन कंपनीला फोन केला आणि लॉज द्यायचं नाही म्हणून सांगितलं. मग चहाचं आधण ठेवून त्यांनी वर हाक मारली, "साखर किती घालू?"



"ते हीच बघायची," खांबेटे जिन्यात येऊन म्हणाले. "एक चमचा घाला. बघू या, कसा लागतो."