ब्रांट मॉडेल

"मॉडेल चुकीचं आहे असं लिहू नकोस रे," शमिका नवऱ्याला म्हणाली. "प्रोबेत्साइट, हा उमेदवारीचा काळ, संपू दे, नोकरी पक्की होऊ दे. मग लिही काय ते."

श्रीरंगने बॅग उचलली. ब्योब्लिंगेनची एस-बान लोकल पकडून तो आपल्या जर्मन कंपनीत पोचला.

तिथे टायटॅनियमचे विमानाचे भाग कातले जात. लेथवर नेण्याआधी प्रत्येक कटाचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन होई. धातू कसा वागेल, हे त्यात ब्रांट मॉडेल नावाचं गणित ठरवायचं. पंधरा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. पण वेग वाढवला की लेथचं कापणारं टूल तुटे, आणि सिम्युलेशनमध्ये मात्र सगळं सुरळीत दिसे.

कारण श्रीरंगला सापडलं होतं. कापताना धातू एका अरुंद पट्ट्यात इतका तापतो, की तिथेच मऊ पडून घसरतो. त्याने ते धरून नवं मॉडेल बांधलं. त्यानुसार निघणारी चिप, म्हणजे धातूचा कीस, सलग नव्हे, करवतीसारखी दातेरी असायला हवी होती.

हे तपासायला म्युनिकच्या संस्थेतून केलरबाई आल्या होत्या. पिकलेले केस, बोलणं मोजकं. त्यांनी श्रीरंगचा रिपोर्ट वाचला.

"'थोडी सुधारणा शक्य आहे'? म्हणजे काय?"

श्रीरंग चाचरला. "ब्रांटसाहेबांचं मोठं नाव आहे. मी काल आलेला माणूस."

"भेटलात त्यांना?"

"नाही. पेपर वाचलेत फक्त."

"मॉडेल चूक आहे की नाही?"

"या वेगाला... चूक आहे."

"आल्झो, मग तसं लिहा."

त्याने लिहिलं. लिहिताना शमिकाचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता.

दुपारी लेथ सुरू झालं. चिप थंड झाल्यावर केलरबाईंनी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाजूला सरकल्या. "बघा."

दाते. अगदी त्याच्या पडद्यावर होते तसे, एकामागोमाग एक.

श्रीरंगला हसूच आवरेना. केलरबाईंनी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. "यापुढे यांचं मॉडेल वापरा. आणि या माणसाला सोडू नका."

फोन ठेवल्यावर श्रीरंग हळूच म्हणाला, "पण ब्रांटसाहेबांना हे कोण सांगणार?"

"सांगायची गरज नाही," केलरबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "ब्रांट हे माझं माहेरचं नाव."